लोकलमधला सिनेमा: पुणे–लोणावळा ये-जा करणाऱ्या प्राध्यापकांसाठी

पुण्याहून लोणावळ्याला लोकलने सव्वा ते दीड तास लागतो, तळेगावला पाऊण तासाच्या आसपास. युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. त्यावर नॅकच्या (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, बैठका, पेपर तपासणी आलीच. घरी सिनेमासाठी सलग दोन तास निघत नाहीत, म्हणून प्रवास वापरायचा. मात्र गाडीत काय बघायचं आणि काय अजिबात बघायचं नाही, हे आधी ठरवा.

गाडीत सगळ्यात चांगले चालतात ते जुने कृष्णधवल बोलपट. आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच), संवाद स्पष्ट, चेहरे जवळून. त्यांची चौकट १.३७:१ ची असते, त्यामुळे आडव्या मोबाइलवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. त्या राहू द्या. स्क्रीन भरायला दोन बोटांनी चित्र ताणलं की वरून डोकी आणि खालून पाय कापले जातात, आणि दिग्दर्शकाने केलेली मांडणीच जाते. मूकपटही उत्तम, कारण गाडीच्या खडखडाटाने त्यांचं काही बिघडत नाही. अंधारातली दृश्यं जास्त असलेले, दूरच्या माणसाच्या बारीक हालचालीवर उभे राहिलेले किंवा शांततेचा वापर करणारे चित्रपट मात्र थिएटरसाठीच ठेवा. चाकांची घरघर खालच्या पट्टीतली असते. पावलं, पाऊस, दूरची कुजबुज असे बारीकसारीक आवाज ती गिळून टाकते. व्हॉल्यूम वाढवला तर फक्त कान दुखतात.

रबरी टोकांचे इअरफोन कानात नीट बसवा. एकच कान वापरायचा असेल, तर फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत जाऊन मोनो ऑडिओ सुरू करा. नाहीतर स्टीरिओतला अर्धा आवाज ऐकूच येत नाही. सिनेमा मराठी असला तरी सबटायटल लावा. ऑटो ब्राइटनेस बंद ठेवा. झाडांच्या सावल्या पळत असतात, आणि तो चालू असला की दर सेकंदाला पडदा उजळतो-विझतो.

जागा कुठली धरायची? शिवाजीनगरनंतर रूळ साधारण वायव्येला जातो. सकाळी लोणावळ्याकडे जाताना ऊन उजवीकडून, मागून येतं. संध्याकाळी परततानाही ते उजवीकडूनच. म्हणजे दोन्ही वेळा गाडीच्या दिशेला तोंड करून डावीकडे बसा. काचेवरची चकाकी बरीच कमी होते.

डाउनलोड रात्री घरच्या वायफायवर करा. मोबाइलला ७२० पिक्सेल पुरतं. दोन तासांचा सिनेमा साधारण एक जीबी होतो. एक गोष्ट हमखास अडवते: बऱ्याच ॲपवर सिनेमा सुरू केला की ४८ तासांत संपवावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी अर्धा पाहिलेला सिनेमा सोमवारी उघडत नाही. म्हणून नवा सिनेमा सोमवार ते गुरुवार सकाळीच सुरू करा आणि परतीच्या गाडीत पुरा करा. तोडायचा तर मध्यंतराला तोडा. आपल्याकडचे चित्रपट मध्यंतर धरूनच बांधलेले असतात, त्यामुळे सव्वादोन तासांचा सिनेमा जाता-येता बरोबर बसतो. तळेगाववाल्यांनी तीन हप्ते धरावेत आणि प्रत्येक वेळी प्रसंग संपल्यावरच थांबावं. स्टेशनच्या पाच मिनिटं आधीचा व्हायब्रेशन अलार्म लावून ठेवा.

वर्गात दाखवण्याजोगं काही दिसलं की वेळ लगेच टिपा: ‘००:४२:१०, दार उघडण्याआधी आवाज येतो’. एवढ्या ओळीवरून वर्गात तीन-चार मिनिटांचा तुकडा लगेच काढता येतो. नुसतं ‘दाराचा सीन छान’ लिहिलंत, तर तो शोधण्यात रात्र जाईल.

थिएटरसाठी राखलेले चित्रपट पाहायची जागा म्हणजे लॉ कॉलेज रस्ता. १९३३ मध्ये कोल्हापूरहून पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली; १९६४ चं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही याच रस्त्यावर. संग्रहालयात किंवा आशय फिल्म क्लबचा खेळ असेल त्या दिवशी पुणे स्टेशनपर्यंत जाऊ नका. शिवाजीनगरला उतरा, मेट्रोने सिव्हिल कोर्ट (जिल्हा न्यायालय) स्थानक गाठा, तिथे वनाजची गाडी पकडून नळ स्टॉपला उतरा. सिव्हिल कोर्टला भुयारातून थेट उन्नत फलाटावर चढायचं असतं, त्याला पाच-सात मिनिटं वेगळी धरा. नळ स्टॉपपासून पुढे पंधरा-वीस मिनिटं चाल.

जानेवारीतल्या पिफसाठी (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी) सीएल, म्हणजे किरकोळ रजा, आधीच राखून ठेवा. तासिका तत्त्वावर असाल, तर गेलेला तास म्हणजे गेलेलं मानधन. तेव्हा सहकाऱ्याशी तास बदलून घ्या आणि संध्याकाळचे खेळ निवडा. उन्हाळ्यात फिल्म इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय मिळून घेत आलेल्या फिल्म ॲप्रिसिएशन कोर्सला जायचं असेल, तर तो नेमका कॅपच्या, म्हणजे उत्तरपत्रिकांच्या केंद्रीय तपासणीच्या, दिवसांत येऊ शकतो. तारखा जाहीर होताच परीक्षा विभागाला भेटा आणि पेपर तपासणीसाठी पहिल्या तुकडीत नाव घालायला सांगा.