कप घेऊ की कापडी पॅड? आधी बाथरूम बघा

"कुठला कप घेऊ गं?" हा प्रश्न (कप म्हणजे मेन्स्ट्रुअल कप, पाळीचं रक्त गोळा करायला योनीत बसवायचा छोटा लवचिक कप) मला कुणी विचारला की मी हल्ली उलट प्रश्न विचारते, की पाळीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता तू कुठे असतेस? घरी, ऑफिसात, कॉलेजात की गाडीत? तिथल्या टॉयलेटात नळ आत आहे की बाहेर? आणि धुतलेलं कापड वाळत टाकायला अशी जागा आहे का जिथे तुलाच संकोच वाटणार नाही? समोरची वैतागते, पण मुद्दा तोच आहे. रियुजेबलवर, म्हणजे धुवून परत परत वापरायच्या गोष्टींवर, जाणं म्हणजे एक वस्तू बदलणं नाही, फेकून देण्याच्या एका कामाच्या जागी धुणं, वाळवणं, उकळणं अशी तीन कामं येतात, आणि ती आपल्या दिवसात कुठे बसतील हे आधी ठरवलं नाही तर कितीही भारी कप कपाटात पडून राहतो. माझा राहिला होता, चार महिने.

तर ढोबळ हिशोब असा. बराच वेळ घरी असता आणि वाळवायला उन्हाची किंवा वाऱ्याची जागा आहे तर कापडी पॅड सगळ्यात सोपे, कारण वापरायची पद्धत तुम्हाला येतेच, फक्त नंतरचं काम नवं. दिवसभर बाहेर असाल तर कप, कारण तो 8 ते 12 तास राहू शकतो (फ्लो जास्त असेल तर आधी रिकामा करावा लागतो) म्हणजे सकाळी घरी आणि संध्याकाळी घरी एवढ्यावर बरेच दिवस निभतं. आत काही घालायचंच नाहीये असं असेल तर तोही पूर्ण बरोबर निर्णय आहे, पॅड आणि पिरियड पँटी (रक्त शोषणारा थर शिवलेली पँटी) मिळून छान चालतं, कप घेतला नाही म्हणून कुणी मागासलेलं ठरत नाही. आणि प्लीज सगळं एकदम बदलू नका. पहिल्या पाळीत फक्त घरी असताना किंवा शेवटच्या हलक्या दिवसांत वापरा, नेहमीच्या पॅडचं पाकीट घरात असू द्या, सरळ मागे जायची वाट मोकळी असली की मन लवकर तयार होतं.

कशात किती मावतं याबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. कंपन्या वर्षानुवर्षं ही क्षमता पाण्यावर किंवा मिठाच्या पाण्यावर मोजत आल्या, 2023 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी 21 प्रॉडक्ट्स खऱ्या रक्तावर तपासली आणि आकडे बरेच वेगळे आले. पॅड, टॅम्पॉन, कप यांच्यात साधारण 20 ते 50 मिलि, डिस्कमध्ये (ही कपासारखीच आत बसवायची चपटी वाटी, तिच्याबद्दल पुढे) सरासरी 61 मिलि आणि पिरियड पँटीत सगळ्यात कमी, 2 मिलिच्या आसपास. रक्त पाण्यापेक्षा घट्ट, ते कापडात तेवढं जिरत नाही. म्हणून खोक्यावर "चार पॅडइतकी" वगैरे लिहिलेली पँटी घेऊन पाळीच्या दुसऱ्या दिवशी फक्त तिच्या भरवशावर बाहेर पडू नका. ती बॅकअप म्हणून झकास, किंवा शेवटच्या दोन दिवसांना, किंवा येईल-येईल म्हणून वाट बघायला लावणाऱ्या पाळीच्या आदल्या दिवसाला.

आता कापडी पॅड. आधी दोन-तीनच घ्या. पटले तर मग मोजा, दिवसाला चार-पाच लागतात आणि वाळायला एक ते दोन दिवस जातात, म्हणजे दहा-बारा असले की गाडी अडत नाही. नवं कापड आधी दोनदा-तीनदा धुवून घ्या, कोरं सुती कापड नीट शोषत नाही, रक्त वरून ओघळतं आणि मग आपण म्हणतो पॅडच भिकार आहे. पँटी घट्टसर घाला, सैल पँटीत टिचबटणवाला पॅड पुढेमागे सरकत राहतो. रंगाच्या बाबतीत माझं मत जरा उलटं आहे. सगळ्या जणी काळे नाहीतर मरून पॅड घेतात डाग दिसू नये म्हणून, पण डाग दिसत नाही तसं पॅड स्वच्छ झालाय की नाही हेही दिसत नाही. अंगाला लागणारी बाजू फिक्या रंगाची असलेली बरी.

धुताना गार पाणी. गरम पाण्याने रक्तातलं प्रोटीन धाग्यात पक्कं बसतं, मग तो डाग कशालाही ऐकत नाही. काढल्या काढल्या नळाखाली धरून पाणी बऱ्यापैकी स्वच्छ येईपर्यंत पिळा, मग साध्या साबणाने चोळा आणि तासभर गार पाण्यात ठेवा किंवा सरळ मशीनला बाकी कपड्यांबरोबर लावा, रक्त आधीच निघालेलं असतं त्यामुळे बाकीच्या कपड्यांना काही होत नाही. दिवस-दिवस भिजत ठेवू नका, वास मारतो. फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको, त्याचा थर कापडावर बसतो आणि शोषणं कमी होतं. पॅडच्या खालच्या थराला बहुतेक वेळा पातळ वॉटरप्रूफ कापड असतं त्यामुळे इस्त्री नको आणि उकळणंही नको. आणि पूर्ण, म्हणजे अगदी पूर्ण वाळू द्या. जाड पॅड वरून कोरडा लागतो, मधे दमट असतो, तसाच घडी घालून ठेवला तर कुबट वास येतो आणि त्वचेला खाज सुटते. दोन बोटांत मधला भाग दाबून बघायचा, गारवा लागला तर परत दोरीवर. बाहेर बदलावा लागला तर वापरलेली बाजू आत घेऊन घडी घाला, टिचबटण लावा, चेनच्या वॉटरप्रूफ पाऊचमध्ये टाका आणि घरी गेल्यावर पाऊच रिकामं करायला विसरू नका. विसरल्यास काय होतं ते एकदाच कळतं, पुरतं.

कपाला मात्र वेळ द्यायचा. 2019 मध्ये लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात 43 अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी निघाली आणि ज्या अभ्यासांत हे विचारलं होतं तिथे सुमारे 70 टक्के बायकांना सवय झाल्यावर कप पुढे वापरायचा होता, पण हात बसायला काही महिने लागतात हेही त्यात होतंच. तेव्हा पहिल्या पाळीत लीक झालं म्हणून कप फेकू नका, तीन पाळ्या तरी द्या.

साइज घ्यायच्या आधी पाळीतच एकदा हात स्वच्छ धुवून मधलं बोट आत घालून गर्भाशयाचं तोंड किती उंचावर आहे ते बघा, नाकाच्या शेंड्यासारखं टणकसर लागतं. पहिल्या पेरालाच लागलं तर आखूड कप लागेल, पूर्ण बोट जाऊनही लागलं नाही तर लांब कप घ्या, नाहीतर काढताना हाताला येत नाही आणि जीव जातो. पाळीच्या वेगवेगळ्या दिवशी ही उंची थोडी बदलते, दोन-तीन दिवस बघा. छोटा-मोठा साइज बाळंतपण झालंय की नाही यावर बऱ्याच कंपन्या ठरवतात, पण उंची आणि फ्लो जास्त कामाचे वाटतात मला. मऊ कप आत हळू उघडतो पण मूत्राशयावर दाब कमी, कडक कप पटकन उघडतो पण काहींना सारखी लघवी लागल्यासारखं वाटतं. पहिला कप मध्यम घ्या. लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर मेडिकल ग्रेड सिलिकॉनच आहे ना ते वाचून घ्या.

पहिला प्रयत्न सुट्टीच्या दिवशी आणि पाळी चालू असतानाच करा. पाळी नसताना प्रॅक्टिस करायची आयडिया चांगली वाटते पण तेव्हा आत कोरडं असतं, दुखतं आणि भीती बसते. कप 5 मिनिटं उकळून गार करा, हात धुवा, उकिडवं बसा किंवा एक पाय स्टुलावर ठेवा. घडी घालायच्या दोन पद्धती पुरेत, एक म्हणजे कप चपटा करून मधून दुमडायचा, तोंडाकडून बघितलं तर घोड्याच्या नालेसारखा दिसतो, दुसरी म्हणजे काठाचा एक भाग बोटाने आत खाली दाबायचा, त्याने टोक निमुळतं होतं आणि नवशिकीला हीच बरी. काठ पाण्याने ओला करा, लागलं तर पाण्याचा बेस असलेलं ल्युब लावा, सिलिकॉनचं नको, त्याने कप खराब होतो. आता श्वास सोडत सोडत आत सरकवा आणि दिशा सरळ वर नाही, मागे माकडहाडाकडे. ही एक गोष्ट मला कुणी सांगितली असती तर माझे ते चार महिने वाचले असते, मी आपली छताकडे ढकलत बसले होते. आत गेला की सोडा, तो उघडतो, कधी कधी टप्पकन जाणवतं. मग तळाभोवती बोट फिरवून बघा, गोल लागला तर उघडलाय, खळगा लागला तर तळ धरून जरा फिरवा. नीट बसला तर काहीही जाणवत नाही. कपाच्या तळाला असलेलं देठ टोचत असेल तर कप बाहेर काढून देठ कापायचा, आत असताना नाही, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण छाटूही नका.

काढताना घाबरायला होतं, सगळ्यांनाच. कप आत हरवत नाही, वर गर्भाशयाचं तोंड आहे आणि त्याचं भोक काही मिलिमीटरचं असतं, जायला जागाच नाही. उकिडवं बसा, शौचाला कुंथतो तसा हलका जोर लावा, कप खाली येतो. देठ धरून ओढायचं नाही. देठ फक्त रस्ता दाखवायला, त्याच्या मागोमाग बोटं वर न्यायची, कपाचा तळ चिमटीत दाबायचा, हवा शिरली की पकड सुटते, मग डावी-उजवीकडे हलवत, सरळ धरून काढायचा. हवा न सोडता ओढलं तर गर्भाशयाचं तोंडही ओढलं जातं, ते दुखतंही आणि वाईटही. हाताला येतच नसेल तर उठा, पंधरा-वीस मिनिटं चाला, परत बसा, अंग आखडलेलं असलं की तो वर चढून बसतो. रडकुंडीला आलात तरी चिमटे-बिमटे घालू नका, खरंच नाहीच निघाला तर डॉक्टर दोन मिनिटांत काढतात आणि त्यांना त्यात काही नवल नसतं.

लीक होत असेल तर आधी कप पूर्ण उघडलाय का ते बघा, दहातल्या बहुतेक वेळा हेच निघतं. मग काठाजवळची बारीक भोकं बुजली आहेत का ते बघा, कप पाण्याने भरून तोंडावर तळहात दाबायचा आणि पिळायचा, भोकांतून पिचकाऱ्या उडाल्या की साफ. तेही ठीक असेल तर कदाचित गर्भाशयाचं तोंडच कपात उतरून जागा खातंय, जरा खाली बसवून बघा. आणि घातल्यावर सुरुवातीला थोडं आलं तर ते भिंतींना आधीच लागलेलं असतं, ते लीक नाही.

बाहेरच्या टॉयलेटात नळ नसेल तर आत जायच्या आधी हात धुवा, हे सगळ्यात महत्त्वाचं, पाण्याची छोटी बाटली आत न्या, कप रिकामा करा, पाण्याने विसळा किंवा टिश्यूने पुसा, परत घाला. नीट धुणं घरी.

डिस्क कपापेक्षा रुंद आणि चपटी असते, गर्भाशयाच्या तोंडाखालून आडवी जाऊन पुढे जघनहाडामागे अडकते, सक्शन नसतं. फ्लो खूप असेल किंवा संबंधाच्या वेळी काढायला नको असेल तर ती, कप मात्र तेव्हा काढावाच लागतो. काढताना सांडते, बाथरूममध्येच काढा.

काही गोष्टींत मात्र हयगय नको. कॉपर टी किंवा दुसरं काही आत बसवलेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कप ओढताना ते सरकू शकतं. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे, आणि तपासणी होईपर्यंत, आत काही नाही. इन्फेक्शन चालू असेल तेव्हा पॅडच. टॉक्सिक शॉक सिंड्रोम (जंतूंच्या विषामुळे होणारा, जिवावर बेतू शकणारा आजार) कपाने क्वचित होतो पण होऊ शकतो, अचानक जोराचा ताप, उलट्या, चक्कर, उन्हाने भाजल्यासारखं लाल पुरळ असं काही दिसलं तर कप काढा आणि थेट हॉस्पिटल, सकाळपर्यंत थांबू नका. आणि कपावर मिलिच्या खुणा असतात त्यांचा उपयोग करा. एका पाळीत एकूण रक्त साधारण 30 ते 40 मिलि जातं, 80 च्या वर डॉक्टर जास्त धरतात. कपात रक्ताबरोबर इतरही स्राव येतो त्यामुळे आकडा थोडा फुगलेला दिसेल, पण "खूप जातंय हो" म्हणण्यापेक्षा "दर तीन तासांनी 25 भरतो" असं सांगितलं की डॉक्टरांना लगेच कळतं.

पाळी संपली की कप सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवा, 5 मिनिटं उकळा, पुसून सुती पिशवीत ठेवा, हवाबंद डब्यात नको. पिवळट पडला तर चालतं, चिकट किंवा भुरभुरीत झाला, चीर गेली, की बदला, तोवर तो कित्येक वर्षं टिकतो. उकळताना भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, अंडी फेटायच्या तारेच्या झाऱ्यात अडकवून सोडला की तरंगत राहतो. आणि गॅसवर ठेवलात की तिथेच उभ्या राहा. माझा दुसरा कप एका फोन कॉलमध्ये गेला, पाणी आटलं, आणि त्या भांड्याचं काय झालं हे आईला मी अजून सांगितलेलं नाही.