जॉब हिरवा झाला म्हणजे काम झालं असं नाही – डेटा जॉबमधून एसएसएच कमांड चालवण्याचा माझा अनुभव

मी अंबडला एका छोट्या कंपनीत डेटा इंटिग्रेशनचं काम करते, चार वर्षं होतील आता. कॉम्प्युटर सायन्स नाशिकमध्येच केलं, बॅचमधले बहुतेक जण पुण्याला गेले, मी घरच्या कारणामुळे इथेच राहिले. हल्ली ज्युनिअर मुलंमुली मेसेज करतात की ताई, ईटीएलमध्ये (एका सिस्टिममधला डेटा काढून, बदलून दुसरीकडे टाकण्याच्या कामात) जायचंय, काय काय शिकू? एसक्यूएल शिका हे तर सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण एक गोष्ट क्लासमध्ये कोणी शिकवत नाही आणि नोकरीच्या पहिल्या सहा महिन्यांतच ती समोर येते, ती म्हणजे जॉबच्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाच्या, आतून दुसऱ्याच्या सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करायच्या सोयीने) कमांड चालवणं. त्याबद्दल लिहिते.

आधी हे लागतं कशाला ते बघा. आपल्याला वाटतं जॉब म्हणजे इकडचा डेटा उचलून तिकडे टाकायचा. प्रत्यक्षात डेटा तयारच नसतो, तिकडच्या सर्व्हरवर आधी कोणाची तरी स्क्रिप्ट चालवावी लागते, ती सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची साधी डेटा फाइल) काढते, मग आपण एसएफटीपीने (एसएसएचवरूनच फाइल आणायच्या पद्धतीने) ती आणतो. त्यासाठी जॉब बनवायच्या प्रत्येक टूलमध्ये काही ना काही दिलेलं असतं. टॅलेंडमध्ये टी-एसएसएच कंपोनंट आहे, पेंटाहोमध्ये 'रन एसएसएच कमांड्स' नावाची स्टेप आहे, एअरफ्लोमध्ये एसएसएच ऑपरेटर आहे. होस्ट (सर्व्हरचा पत्ता), पोर्ट २२, युजर, की (पासवर्डऐवजी वापरायची गुप्त फाइल), खाली कमांड लिहायचा चौकोन. दहा मिनिटांत जमतं, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी नीट बघत नाही.

आमचा एक क्लायंट द्राक्ष एक्स्पोर्ट करतो, पॅकहाउस पिंपळगावकडे, सर्व्हर मुंबईत होस्ट केलेला. सीझनमध्ये रोज रात्री २ वाजता आमचा जॉब चालायचा आणि सकाळी ६ ला पॅकहाउसच्या माणसाच्या स्क्रीनवर कोणत्या शेतकऱ्याचे किती बॉक्स, किती पॅलेट, असा रिपोर्ट तयार असायचा. फेब्रुवारीतली गोष्ट, सकाळी सव्वासहाला फोन आला, "ताई, कालचे बॉक्स दिसत नाहीत ओ, इथं कंटेनर लागलाय, भरू का नको?" मी म्हटलं भाऊ पाच मिनिटं द्या, लॅपटॉप उघडला, तर जॉब पूर्ण हिरवा, म्हणजे टूलच्या मते यशस्वी. लॉगमध्ये शेवटची ओळ 'झालं'. एकही एरर नाही.

जॉबमधली कमांड साधारण अशी होती: सीडी करून आउटगोइंग फोल्डरमध्ये जा, जुन्या सीएसव्ही आरएमने उडवा, एक्स्पोर्ट स्क्रिप्ट चालवा, इको करून 'झालं' छापा. चारही कमांड एका ओळीत, मध्ये सेमीकोलन. माझ्या आधीच्या कोणीतरी लिहिलेली, दीड वर्ष बिनबोभाट चालली होती, मीही कधी प्रश्न विचारला नव्हता.

झालं होतं असं की आदल्या संध्याकाळी सर्व्हर पॅचिंगसाठी रीबूट केला आणि डेटाची डिस्क परत माउंटच झाली नाही, म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नाही. म्हणजे आउटगोइंग फोल्डर जागेवर नाही, सीडी फेल. आता सेमीकोलनचा अर्थ काय, तर आधीच्याचं काहीही होवो, पुढचं चालव. सीडी फेल झाल्यावर शेल (कमांड चालवणारा प्रोग्रॅम) कुठे उभा आहे? युजरच्या होम फोल्डरमध्ये. मग आरएम तिथे चालला! तिथे दुसऱ्या टीमने शेतकऱ्यांच्या कोडच्या सीएसव्ही ठेवल्या होत्या, त्या सगळ्या गेल्या. पुढे स्क्रिप्ट सापडली नाही म्हणून तीही फेल, आणि शेवटी इको मात्र व्यवस्थित चालला आणि त्याने 'झालं' छापलं. एसएसएच परत काय पाठवतं, तर शेवटच्या कमांडचा एक्झिट कोड, म्हणजे ती कशी संपली ते सांगणारा आकडा. इकोचा शून्य. शून्य म्हणजे यश. पुढच्या एसएफटीपी स्टेपला फाइल सापडली नाही, पण तिथे 'फाइल नसली तरी चालेल' असं टिक केलं होतं कारण रविवारी फाइल येत नाही, मग शून्य ओळी लोड झाल्या आणि तेही हिरवं.

नशीब रात्री ११ चा बॅकअप होता. कोडच्या फाइल परत आणल्या, डिस्क माउंट करून घेतली, जॉब हाताने चालवला, पावणेनऊ वाजले. तोपर्यंत तिकडे माणसं हाताने पॅलेट मोजत होती आणि कंटेनर उभा. तो भाऊ माझ्यावर चिडला नाही, फक्त म्हणाला, "ताई, नाही झालं तर नाही झालं असं दाखवा ना, आम्ही रात्रीच फोन केला असता." हे वाक्य माझ्या अजून लक्षात आहे, कारण त्याला जेवढं कळलं तेवढं आमच्या जॉबला कळत नव्हतं.

त्यानंतर मी काय बदललं ते सांगते. एक तर सेमीकोलनच्या जागी &&, म्हणजे आधीची कमांड यशस्वी झाली तरच पुढची. आरएमला कायम पूर्ण पाथ, नुसतं स्टार डॉट सीएसव्ही कधीच नाही. आणि खरं तर चार कमांड जॉबमध्ये लिहायच्याच नाहीत, तिकडच्या सर्व्हरवर एक स्क्रिप्ट ठेवायची, वरती सेट मायनस ई (काही फेल झालं की तिथेच थांब) आणि पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फेल तर सगळंच फेल) लावायचं, जॉबने ती एकच स्क्रिप्ट बोलवायची. पाइपफेल का, तर स्क्रिप्टचं आउटपुट पाइपने टी कमांडला देऊन लॉग लिहायची सवय सगळ्यांना असते, आणि मग एक्झिट कोड येतो टीचा, स्क्रिप्टचा नाही, तीच फसवणूक दुसऱ्या दाराने.

आणि एक्झिट कोड तपासायचाच. टॅलेंडमध्ये तो ग्लोबल व्हेरिएबलमध्ये येऊन बसतो पण आमच्याकडे त्यावर कोणी रन-इफ (अट पूर्ण झाली तरच पुढे जा) लावलंच नव्हतं, त्यामुळे १ येवो नाहीतर १२७, जॉब पुढे चालूच. एअरफ्लोमध्ये शून्य सोडून काहीही आलं की टास्क आपोआप फेल होतो, ते बरं आहे, पण शेवटी इको असेल तर तोही हिरवाच दाखवणार, टूल बदलून हा प्रश्न सुटत नाही. काही कोड पाठ करून ठेवा: १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवायची परवानगी नाही, १३७ म्हणजे प्रोसेस मारली गेली, बहुतेक वेळा मेमरी संपल्यामुळे. आणि टर्मिनलमधली एसएसएच कमांड २५५ देते तेव्हा सहसा कनेक्शनचाच घोळ असतो, तिकडे काम पूर्ण झालं असं धरू नका. मी इंटरव्ह्यू घेते तेव्हा हे हमखास विचारते.

दुसरी गोष्ट, जी प्रत्येक नवीन माणसाला रडवते: हाताने चालवलं की चालतं, जॉबमधून चालत नाही. तुम्ही टर्मिनलवर लॉगिन करता तेव्हा बॅश प्रोफाइल (त्या युजरच्या सेटिंगची फाइल) वाचली जाते, त्यातून पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ते), जावा होम, ओरॅकल होम सगळं सेट होतं. जॉब जेव्हा एसएसएचने नुसती कमांड पाठवतो तेव्हा तो लॉगिन शेल नसतो, प्रोफाइल वाचली जात नाही, मग जावा सापडत नाही आणि तुम्ही तासभर नेटवर्कला दोष देत बसता. माझी पद्धत अशी, नवीन सर्व्हर आला की जॉबमधून पहिल्यांदा फक्त तीन कमांड चालवायच्या, हूॲमआय (मी कोण), पीडब्ल्यूडी (मी कुठल्या फोल्डरमध्ये) आणि ईएनव्ही (कुठली व्हेरिएबल्स सेट आहेत), आणि ते आउटपुट टर्मिनलच्या आउटपुटशेजारी ठेवून वाचायचं. फरक लगेच दिसतो. स्क्रिप्टमध्ये लागणारी व्हेरिएबल्स स्क्रिप्टमध्येच सेट करा, कोणाच्या प्रोफाइलच्या भरवशावर राहू नका. शिवाय विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट तशीच चढवली की ओळीच्या शेवटी जादा कॅरेक्टर येतो आणि 'बॅड इंटरप्रिटर' म्हणतं, तेही बघून ठेवा.

आता की. एसएसएच जन्मालाच आलं ते १९९५ मध्ये फिनलंडमध्ये, टाटू युलोनेन यांच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून वाचले म्हणून, आणि आपण त्याच एसएसएचचा पासवर्ड जॉबमध्ये उघडा लिहून ठेवतो, जॉब एक्स्पोर्ट होतो, गिटवर जातो, दहा जणांच्या लॅपटॉपवर बसतो. करू नका. जॉबसाठी वेगळा युजर मागा, त्याची वेगळी की बनवा, आणि तिकडच्या ॲडमिनला सांगा की ऑथराइज्ड कीज फाइलमध्ये (कोणत्या कीला आत येऊ द्यायचं त्या यादीत) त्या कीला एकच ठरलेली कमांड बांधून द्या, मग की चोरीला गेली तरी तिच्याने बाकी काही चालवता येत नाही. आमच्या आरएमच्या वेळी हे असतं तर कोडच्या फाइल गेल्याच नसत्या.

की बनवताना एक ठरलेला खड्डा आहे. ओपनएसएसएच (एसएसएचचं मोफत सॉफ्टवेअर) ७.८ पासून, म्हणजे २०१८ पासून, की नव्या फॉरमॅटमध्ये बनते आणि टूलच्या आतली जावा लायब्ररी जुनी असेल तर ती 'इनव्हॅलिड प्रायव्हेट की' म्हणते, की अगदी बरोबर असताना. त्याच्याच की-जेन कमांडला मायनस पी आणि मायनस एम पेम देऊन जुन्या फॉरमॅटमध्ये बदलता येते, पण आधी कॉपी घ्या कारण ते त्याच फाइलवर लिहितं. आणि २०२१ च्या ८.८ मध्ये शा-१ वाली जुनी आरएसए सही (की खरी आहे हे पटवायची जुनी, कमकुवत पद्धत) डिफॉल्टने बंद केली, त्यामुळे सर्व्हर अपग्रेड झाला की काल चालणारा जॉब आज अचानक ऑथेंटिकेशन फेल म्हणतो. तेव्हा सर्व्हरवर जुनं परत चालू करा म्हणून मागे लागू नका, आपली लायब्ररी बदला. प्रायव्हेट कीची परमिशन ६००, फोल्डरची ७००, म्हणजे मालकाशिवाय कोणाला हात लावता येऊ नये, हे तर असतंच.

होस्ट कीची (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या कीची) तपासणी बंद करून टाका असा सल्ला इंटरनेटवर ढिगाने मिळेल. घाईत मीही एकदा केली होती आणि सीनिअरने मला शेजारी बसवून समजावलं की अगं, मग तू नक्की कोणाच्या सर्व्हरशी बोलतेयस हे तुला कसं कळणार? ॲडमिनला फोन करून फिंगरप्रिंट (त्या कीचा छोटा ओळख-कोड) जुळवून घ्यायला दोन मिनिटं लागतात.

लांब चालणाऱ्या कामांचं थोडक्यात सांगते. तास-दीड तासाची स्क्रिप्ट एसएसएचच्या एकाच कनेक्शनवर धरून बसू नका, मध्ये फायरवॉल शांत बसलेलं कनेक्शन तोडतो. नोहपने (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणाऱ्या कमांडने) बॅकग्राउंडला टाका, पण आउटपुट, एरर आणि इनपुट तिन्ही दुसरीकडे वळवा, नाहीतर कनेक्शन लटकूनच राहतं. स्क्रिप्टने शेवटी एक छोटी डन फाइल लिहायची, आणि जॉबने दर दोन मिनिटांनी येऊन ती आहे का बघायचं, आणि किती वेळ वाट बघून हार मानायची तेही ठरवायचं.

शिकायला पैसे लागत नाहीत. जुन्या व्हिडिओंमध्ये टॅलेंड ओपन स्टुडिओ डाउनलोड करा सांगतात, ते मोफत व्हर्जन ३१ जानेवारी २०२४ ला बंद झालं, तिथे वेळ घालवू नका, एअरफ्लो घ्या. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू टाका, ओपनएसएसएच सर्व्हर इन्स्टॉल करा, दुसऱ्या लॅपटॉपवरून घरच्याच वायफायवर त्याला जोडा. विंडोज १० मध्ये एसएसएच क्लायंट आधीपासून असतो. एक छोटा जॉब करा, तिकडे स्क्रिप्ट चालवून सीएसव्ही आणणारा. तो चालला की खरा अभ्यास सुरू: तिकडच्या फोल्डरचं नाव बदला आणि जॉब परत चालवा. लाल झाला पाहिजे. मग स्क्रिप्टची परमिशन काढा, परत चालवा. मग जॉब चालू असताना वायफाय बंद करा. मग सगळं जागेवर ठेवून फक्त रिकामी सीएसव्ही येऊ द्या, तेव्हा काय रंग येतो ते बघा. माझ्या त्या जॉबमध्ये आता लोडनंतर ओळी मोजतात, सीझनमध्ये रविवार सोडून शून्य आल्या की रात्री २ वाजून १० मिनिटांनी माझा आणि पॅकहाउसच्या भाऊंचा, दोघांचाही फोन वाजतो.