सी ड्राइव्ह वाढवताना डी ड्राइव्ह गमावू नका : पार्टिशन बदलताना होणाऱ्या चुका

सी ड्राइव्ह लाल झाला, डी मात्र अर्धा रिकामा. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बहुतेक घरांतल्या कॉम्प्युटरची हीच कथा. सी आणि डी हे एकाच डिस्कचे पाडलेले भाग, म्हणजे पार्टिशन. डीवर असतं काय? लग्नाचे फोटो, मुलांची मार्क्स कार्डं, शेताच्या उताऱ्यांचे स्कॅन. जागा वाढवण्याच्या घाईत नेमकं हेच जातं.

स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. बहुतेक जण आधी डीवर 'श्रिंक व्हॉल्यूम' करतात, म्हणजे डी लहान करतात. जागा मोकळी होते, काळी पट्टी दिसते. मग सी वाढवायला त्यावर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकटच, दाबताच येत नाही! इथेच माणूस वैतागून चुकीचं बटण दाबतो. कारण साधं आहे. मोकळी जागा सीच्या लगेच उजवीकडे हवी, पण श्रिंक केल्यावर ती डीच्या उजवीकडे तयार होते. शेजारचा तुकडा लागून असेल तरच बांध सरकवता येतो, तसंच हे. यावर 'डिलीट व्हॉल्यूम' करून टाकणं हा उपाय नव्हे. त्याने डीवरचा सगळा डेटा जातो. आधी डीवरचं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, चारदोन फाइल्स उघडून बघा, मग डी डिलीट करा, सी वाढवा आणि उरलेल्या जागेत नवा डी करा. वेळखाऊ आहे, पण घरच्या माणसाला मी हाच मार्ग सांगेन.

कधी सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग) बसलेलं असतं. त्यावर राइट क्लिक केलं की फक्त 'हेल्प' येतं. मग लोक व्हिडिओ बघून डिस्कपार्ट, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायचं विंडोजचं साधन, उघडतात. तिथे डिस्कचा नंबर चुकला आणि 'क्लीन' टाइप झालं, तर कुठलाही प्रश्न न विचारता अख्ख्या डिस्कची पार्टिशनं पुसली जातात. बॅकअपची डिस्क तेव्हा जोडलेली असेल तर तीही धोक्यात. म्हणून बॅकअप झाला की ती केबल काढून ठेवा.

श्रिंक करताना शंभर जीबी रिकामे असूनही विंडोज दहाच जीबी देतं, अशीही तक्रार असते. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोर पॉइंट या विंडोजने स्वतःच्या कामासाठी ठेवलेल्या गोष्टी जागेवरून हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पलीकडे आकुंचन होत नाही. त्या तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा प्रयत्न करा. नंतर चालू करायला विसरू नका.

वेगळं सॉफ्टवेअर वापरून डी उजवीकडे सरकवून मोकळी जागा सीला लागून आणणार असाल तर लाइटीचा विचार आधी करा. डेटा अक्षरशः उचलून दुसरीकडे ठेवला जातो, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. पावसाळ्यात खानापूरकडे तारांवर झाड पडलं की लाइट कधी येईल सांगता येत नाही. मधेच बंद पडलं तर पार्टिशन अर्धवट राहतं. साध्या इन्व्हर्टरवर भरवसा नको; लाइट जाताना त्या क्षणी डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून, बॅटरी पूर्ण भरून काम सुरू करा.

बिटलॉकर (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का तेही बघा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं थांबवून, ठेवा. डिस्क आधीच कुरकुरत असेल, फाइल्स उघडायला वेळ लावत असेल, तर पार्टिशनचा विचार सोडा. आधी डेटा बाहेर काढा.

आणि पार्टिशन चुकून डिलीट झालंच तर? त्या डिस्कवर काहीही लिहू नका. विंडोजने 'फॉरमॅट करू का' विचारलं तर 'कॅन्सल'. एसएसडीवर (चिपमध्ये डेटा ठेवणाऱ्या डिस्कवर) फॉरमॅट झालं तर डेटा परत मिळणं फार अवघड. टेस्टडिस्क हे मोफत सॉफ्टवेअर दुसऱ्या कॉम्प्युटरवर घेऊन, ही डिस्क तिथे जोडून हरवलेलं पार्टिशन शोधता येतं. जमत नसेल तर दुकानात नेताना आधीच स्पष्ट सांगा : फॉरमॅट मारायचं नाही, डेटा हवाय.