गुरमत कॅम्पला पहिल्यांदा जाताय? आधी तुमचा प्रार्थनेचा गुटका कुठल्या लिपीत आहे ते बघा

गुरमत कॅम्प म्हणजे सुट्टीत भरणारं शीख शिकवणीचं शिबिर. दरवर्षी एप्रिल संपत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "ताई, पोरगी पहिल्यांदा कॅम्पला चाललीय, सोबत काय काय द्यावं?" बॅगेचं नंतर बोलू म्हणते मी, आधी सांगा तिचा नितनेमाचा गुटका, म्हणजे रोजच्या प्रार्थनांची छोटी पोथी, कुठल्या लिपीत आहे. बहुतेक वेळा उत्तर येतं, "देवनागरीत, तिला गुरमुखी (पंजाबीची लिपी) कुठं येते." मग माझ्या पोटात खड्डा पडतो, कारण मी पण अशीच गेले होते आणि ते निस्तरायला मला दोन वर्षं लागली.

आम्ही परभणीचे. घरात दारजी आणि बीबी (आजोबा-आजी) पंजाबी बोलायचे, पप्पा अर्धं पंजाबी अर्धं मराठी, आणि मी आणि भाऊ पूर्ण मराठी, शाळा पण मराठी मीडियम. गुरुद्वाऱ्यात जायचं, माथा टेकायचा, लंगरला बसायचं एवढं सगळं यायचं, पण वाचायला विचाराल तर शून्य. बारा वर्षांची असताना नांदेडला दहा दिवसांचं कॅम्प होतं, त्याचं पत्रक आलं आणि त्यात शुद्ध पाठाची स्पर्धा आहे हे वाचून मी ठरवलं की जपजी साहिब, म्हणजे सकाळची मुख्य प्रार्थना, पाठ करूनच जायचं. बीबीनं देवनागरीतला गुटका आणून दिला. सव्वा महिना रोज शाळेतून आल्यावर पाटावर बसून तिच्या अडतीस पौड्या (कडवी) पाठ केल्या. आजही सांगते, मेहनतीत मी कुठंच कमी पडले नव्हते.

स्पर्धेच्या दिवशी उभी राहिले आणि सुरुवात केली, "सति नामु करता पुरखु", जसं छापलंय तसं, प्रत्येक इकार आणि उकार स्वच्छ उच्चारून, जसं आपल्याला शाळेत शिकवतात. मागे कुणीतरी हसलं. परीक्षकांनी हात वर केला, थांबवलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाले की पाठ कुणाकडून घेतलास, संथ्या (गुरूसमोर बसून पाठ शिकणं) झालेलीच नाहीये, बस खाली. मी बसले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, पण बारा वर्षांच्या लेकराला सांगायची ती पद्धत नव्हती हे माझं मत आजही कायम आहे.

आता तो खड्डा नीट समजावून सांगते, कंटाळा आला तरी वाचा. गुरबाणीत शब्दाच्या शेवटी जी लहान वेलांटी (सिहारी) आणि लहान उकार (औंकड) येतो, तो बहुतेक ठिकाणी व्याकरणासाठी असतो, बोलण्यासाठी नसतो. लिहिलेलं असतं "सति नामु", म्हणायचं "सत नाम". लिहिलेलं "पुरखु", म्हणायचं "पुरख". "प्रसादि" लिहिलंय पण म्हणताना "प्रसाद", आणि ती शेवटची वेलांटी सांगतेय की 'प्रसादाने, कृपेने'. परंपरेपरंपरेत थोडाफार फरक असतो, म्हणून तुमचे उस्ताद सांगतील ते अंतिम. पण देवनागरी गुटक्यात हे कळायला काही मार्गच नसतो, तिथं सगळं अक्षराला अक्षर उतरवलेलं असतं, आणि मराठी पोर म्हणजे देवनागरी दिसली की जे दिसतं ते पूर्ण वाचणारच. आपली जीभ तशीच घडलेली आहे. रोमन लिपीतल्या गुटक्याचंही तेच. माझी मावसबहीण इंग्लंडात वाढली, तिकडच्या कॅम्पात सगळं इंग्रजीतून, पोहणं, शेकोटी, खेळ, आणि पाठ रोमनमधून, तिचीही गाडी इथंच अडकली.

आणि एकदा चुकीचं तोंडपाठ झालं ना, की ते निघत नाही. नवीन पाठ करायला सव्वा महिना लागला होता, जुनं पुसायला दोन वर्षं गेली. अजूनही ताप वगैरे असला किंवा झोपेत असले की जिभेवर तोच उकार येतो.

पण घाबरून जाऊ नका, कारण मराठी माणसाला हे समजायला उलट सोपं आहे, फक्त कुणी सांगत नाही. स्पर्धेनंतर मी दोन दिवस कुणाशी बोलत नव्हते तेव्हा एक वीरजी (दादा), माझ्यापेक्षा जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठे असतील, ते जोडाघरात (गुरुद्वाऱ्यात चपला ठेवतात तिथं) माझ्या शेजारी चपला पुसायला बसले आणि त्यांनी विचारलं, तुमच्या मराठी अभंगात विठ्ठलु म्हणतात ना? म्हटलं हो, कानडा विठ्ठलु. मग विठ्ठलाचा म्हणताना तो उ कुठं जातो? मी हातातली चप्पल तशीच धरून बसले. तेच आहे हो सगळं! ज्ञानेश्वरांच्या मराठीत पुल्लिंगी एकवचनाला शेवटी उ लागतो, गुरबाणीतही तसाच लागतो, "नामु" म्हणजे एकवचन, कर्ता किंवा कर्म, आणि पुढं 'का', 'के' आलं की उ गळून "नाम का" होतं. फरक एवढाच की अभंगात आपण तो उ म्हणतो आणि पाठात तो डोळ्यांनी वाचायचा, अर्थासाठी. गुरु ग्रंथ साहिबात भगत नामदेवांचे ६१ शबद (पदं) आहेत आणि त्यात "बीठल" हा शब्द येतो, नामदेवांची नर्सी तर हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे १९९९ च्या आधी आमच्या परभणी जिल्ह्यातच. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की मी इथं पाहुणी नाहीये.

यावरून माझं एक पक्कं मत झालंय. कॅम्पमध्ये मोठ्या नावाच्या उस्तादांच्या मागे धावू नका, तुमच्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठं असलेलं, तुमच्याच अडचणीतून नुकतंच बाहेर आलेलं कुणीतरी शोधा. मोठ्यांना ते स्वतः कुठं अडखळले होते हे आठवतच नसतं.

आता करायचं काय ते सांगते. कॅम्पच्या आधी तीन आठवडे पाठांतराला हात लावायचा नाही. फक्त पैंती, म्हणजे गुरमुखीची पस्तीस अक्षरं. रोज चार-पाच अक्षरं, मग लगा-मात्रा, म्हणजे स्वरांच्या खुणा. इथं अजून एक छोटा सापळा आहे. ग, ट, ठ अगदी आपल्यासारखे दिसतात म्हणून माणूस निवांत होतो, आणि मग आपल्या 'म'सारखं दिसणारं अक्षर तिथं 'स' निघतं, आणि आपल्या 'भ'च्या जवळ जाणारं अक्षर तिथं 'म' असतं. पहिल्या ओळीतच, ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी, सस्सा, हाहा, चौथ्याच अक्षराला मराठी पोर पडतं. पाटीवर किंवा वहीवर हातानं लिहा, मोबाईलवर बोटानं नाही. ॲपवर अक्षर ओळखता येतं पण वाक्यात वाचता येत नाही हे मी पंचवीस-तीस मुलांच्या बाबतीत बघितलंय. आणि कानानं नुसतं रेकॉर्डिंग ऐकून पाठ करणं हा पण शॉर्टकटच आहे, उच्चार सुधारतो हे खरं, पण ग्रंथ समोर आला की पुन्हा निरक्षर. संथ्या समोर बसूनच घ्यावी लागते. आपल्याकडे वेदाची संथा घेतात म्हणतात ना, तोच शब्द आहे, आणि पद्धत पण तीच, गुरूनं म्हणायचं, आपण मागून म्हणायचं.

बाकीच्या गोष्टी पटपट. नांदेडला मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर सहज जातो, त्यामुळं सुती कपडे, पाण्याची बाटली आणि लिंबू-साखर-मीठ. थंड हवा हवी असेल तर हिमाचलात सिरमौर जिल्ह्यात बडू साहिब आहे, पंजाबात तर सुट्टीत गावोगावी कॅम्प असतात, पण मराठवाड्यातल्या लेकरांनी पहिलं कॅम्प नांदेडलाच करावं असं मला मनापासून वाटतं. दशम पातशाह, म्हणजे गुरु गोबिंद सिंघ, १७०८ मध्ये इथं आले, इथंच त्यांनी ग्रंथाला गुरुगद्दी दिली, गोदावरीच्या काठावर माधोदास बैराग्याचा बंदा सिंघ (पुढे शिखांचा सेनापती) झाला तो पण इथंच. संध्याकाळी ऊन उतरल्यावर बंदा घाटावर बसवून साखी (गुरूंच्या काळातल्या गोष्टी) सांगतात तेव्हा दगड अजून गरम असतात आणि समोर तीच नदी असते, हे वर्गात बसून मिळत नाही. पहाटे गोदावरीचं पाणी भरून गागर आणतात, ते बघायला उठवलं तर कुरकुर करू नका.

पहाटेचा प्रश्न मोठा आहे हे मान्य. अमृतवेळेला उठायचं असतं आणि पहिले तीन दिवस रडू येतं, घरची आठवण पण तेव्हाच येते. चौथ्या दिवशी शरीर ऐकतं. पालकांना हात जोडून विनंती, पहिल्या तीन दिवसांत दिवसाला चार फोन करू नका. माझ्या पप्पांनी दुसऱ्या दिवशी फोनवर "घ्यायला येऊ का" विचारलं आणि मी जवळजवळ हो म्हटलं होतं. तेव्हा गेले असते तर परत कधीच आले नसते.

मुलींनी आणि लांब केसवाल्या सगळ्यांनीच केस पहाटे धुवू नका. ओला जूडा (अंबाडा), वर दस्तार (पगडी) आणि बेचाळीस डिग्री, दुपारपर्यंत डोकं ठणकतं आणि केसांना वास धरतो. दुपारच्या सुट्टीत धुवा, पंख्याखाली पूर्ण वाळवा. दस्तार शिकायचं असेल तर घरून कापड एकदा धुवून न्या, नवीन कापडाची खळ निसटते आणि लड (पगडीचा थर) बसत नाही. पूणी, म्हणजे पगडीच्या कापडाची लांब घडी, करायला दोन माणसं लागतात, एक टोक तुमच्या हातात, दुसरं जोडीदाराच्या, दोघांनी ताणून धरायचं आणि एकाच वेळी घडी घालत यायचं, एकानं जरी ढील दिली तरी मधे पोट येतं. मी आणि माझी जोडीदार पहाटे साडेचारला व्हरांड्यात झोपेत पूणी करायचो, एकमेकींशी एक शब्द न बोलता, आणि दहाव्या दिवशी आमची पूणी पट्टीनं ओढल्यासारखी यायला लागली. बांधून ठेवलेली तयार पगडी डोक्यावर चढवणारी पण मुलं असतात, चालेल, पण मग शिकलात काय?

गतका, म्हणजे शिखांचा काठीचा युद्धखेळ, मजेचा आहे, सगळ्यांना तोच हवा असतो. पहिल्या दिवशी कुणी हातात सोटी देत नाही, नुसता पैंतरा, पायांची चाल, आणि पोरं चिडतात. चिडू नका. आपल्या मल्लखांबासोबत गतका पण खेलो इंडियात घेतला गेला तेव्हापासून काही मुलं फक्त मेडलसाठी येतात. त्यांना मी नाही म्हणत नाही, पण सकाळच्या दिवाणाला (कीर्तन-कथेच्या सभेला) दांडी मारून गतक्याला हजर राहणाऱ्यांशी माझं पटत नाही.

लंगरची सेवा सगळ्यात आधी मागून घ्या. नवीन असताना ओळखी तिथंच होतात, पिठाच्या परातीपाशी. पंगतीत "परशादा जी, दाला जी" म्हणत फिरायचं, घेणाऱ्यानं दोन्ही हात पुढं करायचे. निहंग सिंघांचे (निळ्या बाण्यातल्या शीख योद्ध्यांचे) बोले, म्हणजे त्यांची खास टोपणनावं, कानावर पडतील, कांद्याला रूपा, चण्याला बदाम, मिरचीला लड़ाकी, ते वहीत लिहून ठेवा. शीख नसलेले मित्र पण आमच्या बॅचला दोघं आले होते. डोकं झाकायचं, तंबाखू-सिगरेट आवारात आणायची नाही, एवढं पाळलं की कुणी जात विचारत नाही.

आणि स्पर्धेत नाव द्याच. मी एवढं सगळं सांगितल्यावर वाटेल की नको बाबा, पण द्या. फक्त अख्खा जपजी नको, पहिल्या वर्षी पाच पौड्या, पण गुरमुखीतून वाचून, कुणाकडून तरी ऐकून-तपासून घेतलेल्या. पाच शुद्ध पौड्यांवर पुढच्या सगळ्या उभ्या राहतात.

मागच्या वर्षी मी सेवादार म्हणून गेले होते. हिंगोलीकडची एक मुलगी आली, आजीनं दिलेला देवनागरी गुटका रुमालात गुंडाळून, आणि पहिल्या तीन पौड्या तिनं मला म्हणून दाखवल्या, सगळे उकार स्वच्छ. मला माझाच आवाज ऐकू आला. मी तिला थांबवलं नाही, तिसरी पौडी संपू दिली. मग गुटका परत रुमालात बांधून तिच्याच बॅगेत कपड्यांच्या वर ठेवला आणि वही काढली. ऊड़ा, ऐड़ा, ईड़ी झालं. चौथं अक्षर काढल्यावर ती म्हणाली, "ताई, हा तर आपला म आहे."

"नाही," म्हटलं, "हा सस्सा. लिही."

तिनं पान भरून सस्सा काढला, आणि जेवणाची घंटा झाली तरी उठली नाही.