जुनी कॉमिक्स जपताना या चुका टाळा

वाळवी आणि रद्दीवाला यांच्यानंतर जुन्या कॉमिक्सचं सर्वांत जास्त नुकसान कोणी केलं असेल, तर ती जपायला निघालेल्या माणसांनी. आयुष्यभर इंद्रजाल, अमर चित्र कथा आणि टिंकल गोळा केल्यावर माझं हे ठाम मत झालं आहे. जुना गठ्ठा उघडावा, तर त्यात सेलोटेप, बाइंडिंग नाहीतर लॅमिनेशन यांपैकी काहीतरी असतंच.

फाटलेल्या पानाला सेलोटेप

टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो आणि कागदात मुरतो. पट्टी आपोआप गळून पडते, डाग तेवढा कायमचा राहतो. पान थोडंसं फाटलं असेल तर तसंच राहू द्या. अगदी सुटं झालं असेल तर जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. ही खळ पुढे कधी ओलावा देऊन सोडवता येते, हा तिचा मोठा फायदा. पण आधी रद्दीतल्या कागदावर हात बसवून घ्या. पूर्वी कोणी लावलेली टेप ओढून काढायला जाऊ नका, तिच्याबरोबर छपाईही निघून येते.

बाइंडिंग आणि लॅमिनेशन

दहा-बारा अंक एकत्र बांधून घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे. वाचनालयांना ते सोयीचंच होतं, कारण सुटे अंक हातोहात फाटायचे. घरच्या संग्रहासाठी मात्र असं करू नका. बाइंडर कडेने शिवण घालतो आणि यंत्रावर कडा कापतो. त्यात चित्रांच्या चौकटी आणि संवादांचे फुगे कापले जातात, कव्हरंही बऱ्याचदा गायब होतात. असा बांधलेला खंड मिळाला तर तो मोडून अंक सुटे करण्याच्या फंदात पडू नका. वाचनालयाचा शिक्काही खोडू नका. तो अंक कोणत्या गावात किती हातांतून फिरला, याचा तेवढाच पुरावा असतो.

लॅमिनेशनबद्दल एकच सांगतो: ते परत काढता येत नाही.

पिशवी, पेटी आणि पावसाळा

आतली पानं साध्या न्यूजप्रिंटवर छापलेली असतील, तर त्यात लिग्निन हा लाकडातला घटक असतो. उजेड आणि हवा लागली की तो पिवळा पडतो, आणि कागदात आम्ल वाढून पान ठिसूळ होतं. हे थांबत नाही, त्याचा वेग तेवढा कमी करता येतो. म्हणून अंक अंधारात, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी आणि मागे आम्लरहित पुठ्ठा, एवढं पुरतं. नव्या रेनकोटसारखा उग्र वास येणारी पीव्हीसीची पिशवी नको.

कोकणात आणि मुंबईत खरा शत्रू दमटपणा. पिना गंजतात, गंज पानात उतरतो, मग बुरशी येते. माळा उन्हाळ्यात तापतो आणि बाथरूमलगतची भिंत ओल धरते, म्हणून या दोन्ही जागा टाळा. आतल्या खोलीत, जमिनीपासून उंच कप्पा निवडा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या अधूनमधून बदला किंवा तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या मी कधीच वापरत नाही. वास वर्षानुवर्षं जात नाही आणि काही प्लास्टिकवर त्यांचा परिणामही होतो.

अंक भिजला तर उन्हात टाकू नका, पानं वेडीवाकडी होतात. पानांमध्ये कोरा पांढरा टिपकागद घाला, पंख्याखाली ठेवा आणि कागद बदलत राहा. एकदम खूप अंक भिजले असतील, तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. तिथे बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला एकेक अंक वाळवायला सवड मिळते. बुरशी आलीच असेल तर तो अंक लगेच बाकीच्यांपासून वेगळा करा, पूर्ण सुकवा, मग तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ ब्रशने झटका. गंजलेली पीन पक्कडीने उपसू नका. मधलं पान उघडून तिची टोकं सरळ करा आणि मग बाहेरून अलगद काढा.

जुना दिसतो म्हणून पहिली आवृत्ती समजणे

अमर चित्र कथा १९६७ साली अनंत पै यांच्या संपादनाखाली सुरू झाली. ११ व्या क्रमांकाचा ‘कृष्ण’ सगळ्यांना हवा असतो, पण तो असंख्य वेळा छापला गेला आहे. किंमत बघा, प्रकाशकाचा पत्ता बघा आणि मुख्य म्हणजे जाहिरातीतली अंकांची यादी वाचा. त्या यादीत नंतर निघालेल्या अंकाचं नाव असेल, तर हातातली प्रतही नंतरचीच. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा फोर्टच्या फुटपाथवर एवढं तपासायला दोन मिनिटं पुरतात. रंगीत झेरॉक्सही विकल्या जातात. भिंगातून बघा, खऱ्या छपाईत रंगांचे ठिपके नियमित ओळींत दिसतात.

पैशासाठी जमवणे

अमेरिकेत १९३८ चा ‘अॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, म्हणजे सुपरमॅनचं पदार्पण, १० सेंटला होता. त्याची एक प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरच्या वर गेली, कारण बाकीच्या प्रती लोकांनी फेकून दिल्या होत्या. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेच्या पहिल्या अंकाच्या सुमारे ८० लाख प्रती खपल्या. घेणाऱ्यांनी त्या न उघडता जपल्या, त्यामुळे आजही त्या स्वस्तात मिळतात. पुढे ती बाजारपेठ कोसळली आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘एक्स-मेन’च्या प्रकाशकाला, मार्व्हलला, दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. ‘संग्राहकांसाठी खास’ असं कव्हरवरच छापणाऱ्या प्रकाशकांनी यातून धडा घेतलेला मला दिसत नाही. एकाच अंकाची पाच कव्हरं आजही निघतात. चित्र आवडलं तर एक घ्या. प्रतीच्या अवस्थेला गुण देऊन ती प्लास्टिकच्या कवचात सील करून घेण्याचाही मोह आवरा. उघडता न येणारं कॉमिक मला नको.

आपल्याकडे इंद्रजाल मार्च १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलं. बहुतेक संग्राहक इंग्रजी अंकांमागे धावतात, त्यामुळे इंद्रजालचे नायक वेताळ (फँटम) आणि बहादूर यांचे मराठी अंक रद्दीत जातात. माझी कळकळीची विनंती आहे, मराठी अंक दिसला की घ्या, कव्हर नसलं तरी घ्या. त्याचं स्कॅनही करून ठेवा, मात्र अंक सपाट दाबून त्याचा कणा मोडू नका.

आणि एक यादी करा: क्रमांक, भाषा, कोणती पानं नाहीत, कुठून घेतला. हे सगळं वेगळ्या वहीत लिहा, अंकावर नाही. ती वही कुठे आहे आणि तुमच्यानंतर संग्रह कोणाला द्यायचा, हे घरच्यांना आजच सांगून ठेवा.