ऑनलाइन पोकर टूर्नामेंटमध्ये बेट लावताना या चुका टाळा

टूर्नामेंटमधून बाहेर पडलं की डोक्यात घोळत राहतो तो शेवटचा हात. एक्का-राजा होता, समोरच्याला रिव्हरला, म्हणजे टेबलावरच्या शेवटच्या पत्त्याला, लागलं, नशीबच फुटकं! पण हॅन्ड हिस्टरी, म्हणजे खेळलेल्या हातांची नोंद, उघडून शांतपणे पाहा. घोळ बहुतेक वेळा त्या शेवटच्या कॉलमध्ये (समोरच्याच्या बेटएवढ्या चिप्स घालण्यात) नसतो, त्याच्या दोन-तीन पावलं आधी लावलेल्या एखाद्या आकड्यात असतो. पत्ते पाहून तो आकडा ठरवला जातो आणि स्टॅककडे, म्हणजे आपल्याजवळच्या चिप्सकडे, लक्षच जात नाही.

माझाच एक हात सांगतो. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पत्ते पाहण्याआधीच भरायची सक्तीची रक्कम, 500-1,000 (मोठी ती बिग ब्लाइंड), त्यावर बिग ब्लाइंडवाल्याने भरायची आणखी 1,000 ची अँटी. माझ्याकडे 14,000, म्हणजे 14 बिग ब्लाइंड. हातात बदाम राजा, बदाम गुलाम. मधल्या जागेवरून सवयीने बेट वाढवून 3,000 ची रेज केली. बटणावरच्याने (डीलरच्या जागेवरच्याने) कॉल केला, त्याचा स्टॅक माझ्यापेक्षा मोठा होता. पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, झाला 8,500. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पत्त्यांत, नऊ, सहा, दोन. एकही बदाम नाही. रेज मी केली होती, मग पुढची बेटही आपलीच, अशा हिशोबाने 5,000 लावले. त्याने सगळ्या चिप्स लावल्या, तो ऑल-इन गेला.

आता माझ्याकडे उरले 6,000 आणि पॉटमध्ये पडले होते 24,500. एकूण 30,500 साठी 6,000 घालायचे, म्हणजे 20 टक्के वेळा जिंकलो तरी कॉल परवडतो. समोर नऊची जोडी धरली, तर मला उरलेले तीन राजे आणि तीन गुलाम असे सहा पत्ते उपयोगी होते आणि दोन पत्ते यायचे होते. सहा पत्त्यांना साधारण 24 टक्के संधी मिळते. म्हणजे कॉल करायला हवा होता. मी फोल्ड केलं, पत्ते टाकले, आणि 6 बिग ब्लाइंड घेऊन बसलो.

वाटेल की चूक त्या फोल्डची. तसं नाही. सुरुवातीची रेज 2,200 ची केली असती, तर पॉट 6,900 झाला असता आणि माझ्याकडे 11,800 राहिले असते. फ्लॉपवर तिसरा हिस्सा, म्हणजे 2,300 लावले असते आणि तो ऑल-इन गेला असता, तर मला 30,500 साठी 9,500 घालावे लागले असते. त्याला 31 टक्के लागतात. तेव्हा तोच फोल्ड बरोबर ठरला असता आणि हातात साडेनऊ बिग ब्लाइंड राहिले असते. पत्ते तेच, फ्लॉप तोच. फरक फक्त दोन आकड्यांचा.

म्हणून 20 बिग ब्लाइंडच्या खाली आलात की प्रत्येक बेटच्या आधी एकच गोष्ट विचारा: समोरचा ऑल-इन गेला तर मी काय करणार? उत्तर तयार नसेल, तर तो आकडा लावू नका. 10 बिग ब्लाइंडच्या आसपास तर बहुतेक वेळा ऑल-इन किंवा फोल्ड एवढंच ठेवावं. तिथे 3 घालून मागे हटणं म्हणजे स्टॅकचा जवळजवळ तिसरा हिस्सा फुकट देणं.

बबलजवळच वारंवार बाहेर पडताय?

बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या अगदी दारात, हात खेळताना कॅश गेमचं (जिथे चिप्स म्हणजे थेट पैसे) गणित वापरलं जातं, आणि ही चूक चांगल्या चांगल्यांकडून होते. टूर्नामेंटमध्ये चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची किंमत दुप्पट होत नाही. हे पटायला थोडा वेळ लागतो, म्हणून हिशोबच मांडतो.

चार जण उरलेत, चौघांचे स्टॅक सारखे, आणि बक्षिसं तिघांनाच: 50, 30 आणि 20 टक्के. प्रत्येकाच्या स्टॅकची आजची किंमत 25 टक्के. एक जण ऑल-इन गेला. तुम्ही कॉल करून जिंकलात तर तुमच्याकडे निम्म्या चिप्स येतील, पण आयसीएमच्या (चिप्सची बक्षिसातली किंमत काढायच्या पद्धतीच्या) हिशोबाने त्यांची किंमत भरते साधारण 38.3 टक्के, 50 नाही. हरलात तर शून्य. म्हणजे 25 पणाला लावून 38.3 मिळवायचे, आणि ब्लाइंड बाजूला ठेवले तर त्यासाठी 65 टक्के वेळा जिंकावं लागतं.

आता सहाची जोडी घ्या. समोरचा डोळे मिटून कोणतेही दोन पत्ते घेऊन ऑल-इन जातोय असं धरलं, तरी ती सुमारे 63 टक्केच जिंकते. फोल्ड! आणि समोरचा थोडा जरी निवडून खेळत असेल, तर त्याहून भारी हातही टाकावे लागतात. जीव तुटतो, मान्य आहे. पण याच गणिताची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. समोरच्यालाही कॉल करणं तितकंच महाग पडतं. म्हणून बबलवर आधी ऑल-इन जाणारा फायद्यात असतो, कॉल करणारा नाही. मोठा स्टॅक असेल तर मधल्या स्टॅकवाल्यांवर दबाव टाका. अगदी छोट्या स्टॅकला फार जपायचं काही नसतं, तो कॉल करतो.

ब्लफ पकडला जातो आणि चांगल्या हाताला कुणी कॉल देत नाही?

तुमचा आकडाच चुगली करतोय. भारी हात असला की पॉटएवढी बेट आणि हातात काही नसलं की तिसरा हिस्सा, असं करत असाल तर समोरच्याने नोंद ठेवायला सुरुवात केलेली असते. फ्लॉप कसा आहे त्यावर आकडा ठरवा, आणि त्या फ्लॉपवर चांगला हात असो वा नसो, तोच ठेवा. ब्लफचा भावही माहीत असू द्या: पॉटच्या तिसऱ्या हिस्स्याची बेट 25 टक्के वेळा चालली, म्हणजे समोरच्याने फोल्ड केलं, की खर्च निघतो, निम्म्या पॉटची 33 टक्के, पॉटएवढी 50 टक्के. कोरड्या फ्लॉपवर, जिथे कुणालाच फारसं काही लागलेलं नसतं, तिथे लहान बेट तेच काम स्वस्तात करते.

एकाच रंगाचे चार पत्ते जमले म्हणून काहीही किंमत देऊन कॉल करणं हेही तसंच. फ्लॉपपासून रिव्हरपर्यंत 35 टक्के संधी असते, पण टर्नवर, म्हणजे चौथ्या पत्त्यानंतर, एकच पत्ता उरला की ती 20 टक्क्यांच्या आसपास येते. निम्म्या पॉटच्या बेटला मात्र 25 टक्के लागतात.

राहिली री-एंट्री. किती वेळा परत शिरायचं, हे टूर्नामेंट सुरू होण्याआधी, डोकं थंड असताना ठरवा, आणि हरलो तरी घराचं काही अडणार नाही एवढेच पैसे त्यात धरा. रजिस्ट्रेशन बंद होता होता 10 बिग ब्लाइंडचा स्टॅक विकत घेणं आणि सुरुवातीला 100 घेऊन बसणं यांत तेवढ्याच पैशांत फार वेगळा खेळ मिळतो.

बेटची तयार बटणं आजच बदलून घ्या: फ्लॉपआधी 2 आणि 2.2 बिग ब्लाइंड, फ्लॉपनंतर तिसरा हिस्सा, दोन तृतीयांश आणि ऑल-इन. चार टेबलं उघडी आणि घड्याळ पळतंय, अशा वेळी हात स्लायडरवर गेला की आकडा घाईने ठरतो. खेळ संपल्यावर फक्त हरलेले नाही, जिंकलेले ऑल-इनही तपासा. मी तपासायला लागलो तेव्हा कळलं, माझे सगळ्यात वाईट कॉल जिंकलेल्या हातांमध्ये लपलेले होते.