क्लोरीन टाकताच टाक्याचं पाणी तांबूस झालं तर

शेवाळासाठी टाकायचं मोरचूद (कॉपर सल्फेट) बंद करून ब्लिचिंग पावडर सुरू केली की आपल्या वऱ्हाडात शेतावरच्या पोहण्याच्या टाक्यात हा प्रकार बरेचदा होतो: सकाळी नितळ असलेलं पाणी संध्याकाळी चहासारखं. घाबरून पाणी उपसू नका, मे महिन्यात तर मुळीच नाही. बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह क्लोरीनमुळे गंजासारखं बाहेर पडतं. खात्री करायची तर पांढऱ्या बादलीत बोअरचं पाणी घ्या, चिमूटभर पावडर टाका. थोड्या वेळात तांबूस झालं तर लोहच. पाणी हिरवट पण तळ स्वच्छ दिसतो, तर मोरचुदातलं तांबं. भिंत बुळबुळीत लागली तर शेवाळ, त्याला क्लोरीनच वाढवावं लागतं.

लोहासाठी आधी पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७.२ ते ७.६ मध्ये आणा. ५०,००० लिटरला ३३ टक्के क्लोरीन असलेली दीड किलो पावडर प्लास्टिकच्या बादलीतल्या पाण्यात कालवा, चुना खाली बसू द्या आणि वरची निवळीच टाक्यात ओता. हे दिवस मावळल्यावरच, उन्हात क्लोरीन टिकत नाही. दुसऱ्या संध्याकाळी किलोभर तुरटी विरघळवून टाका, पाणी ढवळून पंप रात्रभर बंद. सकाळी तळाशी गेरूसारखा थर दिसेल. तो पाय न घालता, हळूच, पाईपने ओढून थेट बाहेर सोडा, फिल्टरमधून नेऊ नका. गरज पडली तर पुन्हा करा.

पीएच उतरवायचं ॲसिड आणि ब्लिचिंग एका बादलीत कधीच नको, विषारी वायू निघतो. क्लोरीन १ ते ३ पीपीएमवर (लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम) येईपर्यंत लेकरांना पाण्यात उतरू देऊ नका.